चौथं उत्तर : सर्व्हरवरच्या पहाऱ्याचा इतिहास



'आलबेल' हा शब्द आपण रोज वापरतो. 'तिकडे सगळं आलबेल ना?' असं फोनवर विचारतो. हा शब्द इंग्रजीतल्या 'ऑल वेल'वरून मराठीत आला. पहाऱ्यावरच्या शिपायाने ठरावीक वेळाने द्यायची ती हाळी होती. हाळी ऐकू आली की बाकीचे निवांत झोपायचे. पण आली नाही तर? शत्रू आत शिरला असेल, शिपायाला डुलकी लागली असेल, नाहीतर वाऱ्यामुळे आवाजच पोचला नसेल. न आलेल्या हाळीवरून 'संकट आहे' असं म्हणता येत नाही आणि 'ठीक आहे' असंही म्हणता येत नाही. 'माहीत नाही' एवढंच म्हणता येतं. मग कोणीतरी कंदील घेऊन उठायचं आणि बघून यायचं.

आजच्या व्याख्यानात आपण सर्व्हरवर पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास बघणार आहोत. हा इतिहास मोठा आहे, म्हणून आम्ही त्यातला एकच धागा धरला आहे. यंत्राला 'माहीत नाही' हे उत्तर द्यायला कधी आणि कसं शिकवलं गेलं, आणि शिकवल्यावरही ते पुन्हा पुन्हा का हरवतं, एवढाच आजचा प्रश्न.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते थोडक्यात सांगून टाकू. आपण मोबाइलवर रेल्वेचं तिकीट काढतो, वीजबिल भरतो, तपासणीचा रिपोर्ट उघडतो, तेव्हा पलीकडे कुठल्यातरी थंड खोलीतला एक संगणक आपल्याला उत्तर देत असतो. तो सर्व्हर. त्याच्यासमोर बहुधा कोणी बसलेलं नसतं. म्हणून तो नीट चाललाय का, त्याची डिस्क भरत तर नाही ना, त्याचा डेटाबेस जागा आहे ना, हे दर थोड्या वेळाने विचारणारा दुसरा प्रोग्राम ठेवावा लागतो. एकेका अशा विचारण्याला त्या धंद्यात 'चेक' म्हणतात. बँकेतला नव्हे, तपासणी या अर्थाचा.

सुरुवात करू डिसेंबर १९८३ पासून. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्युस काम करत होते. नेटवर्क विचित्र वागत होतं, म्हणून त्यांनी एका संध्याकाळी एक छोटा प्रोग्राम लिहून काढला. दुसऱ्या संगणकाला एक संदेश पाठवायचा, त्याचा पडसाद परत येतो का आणि किती वेळात येतो ते बघायचं. पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेचं तत्त्व हेच असतं, म्हणून तिच्या आवाजावरून त्यांनी नाव ठेवलं 'पिंग'. आजही जगभर हा प्रोग्राम रोज वापरला जातो.

पिंगची ताकद त्याच्या साधेपणात आहे आणि मर्यादाही तिथेच आहे. पडसाद आला तर पलीकडचा संगणक जिवंत आहे, हे नक्की. न आला तर मात्र आपला शिपाईच गप्प झालाय असं समजा. संगणक बंद पडला असेल, मधली वाट तुटली असेल, किंवा वाटेतल्या फायरवॉलने संदेश अडवला असेल. पिंग यातलं काही सांगू शकत नाही. तो फक्त थांबतो.

दुसरा धागा याहून जुना आहे. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होती. त्यात एक रीत पडली, की प्रत्येक प्रोग्राम संपताना मागे एक आकडा ठेवून जातो. ० म्हणजे काम फत्ते, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिघडलं. शाळेच्या हिशेबाने हे उलटंच आहे. तिथे शून्य मिळालं तर घरी सांगायची चोरी! पण यामागचं तर्कशास्त्र असं सांगतात, की काम नीट होण्याचा प्रकार एकच असतो, बिघडण्याचे प्रकार अनेक असतात. म्हणून यशाला एक आकडा दिला आणि उरलेले सगळे, थेट २५५ पर्यंतचे, अपयशासाठी ठेवले. निरोप म्हणून हा आकडा अगदी तुटपुंजा वाटतो. पण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

आता येऊ १९९६ कडे. या एका वर्षात दोन कामं झाली. पहिलं म्हणजे शॉन मॅग्वायर यांचं 'बिग ब्रदर'. एक वेबपान असायचं, त्यावर एकाखाली एक संगणकांची नावं, आडव्या रांगेत त्यांच्या सेवा, आणि प्रत्येक चौकटीत एक रंगीत ठिपका. हिरवा, पिवळा, लाल यांचे अर्थ वेगळे सांगायला नकोत. पण त्यात एक जांभळा रंगही होता. एखाद्या संगणकाकडून अर्धा तास काहीच खबर आली नाही, तर त्याचा ठिपका जांभळा व्हायचा. न आलेल्या हाळीला इथे स्वतःचा रंग मिळाला. शेवटची खबर हिरवी होती म्हणून ठिपका हिरवाच ठेवायचा, हे सोपं पडलं असतं. तसं केलं नाही, ही मोठी गोष्ट आहे.

दुसरं काम ईथन गॅलस्टॅड यांचं. त्यांनी त्याच वर्षी एमएस-डॉसवर चालणारा एक साधा प्रोग्राम लिहिला. नॉव्हेल नेटवेअरच्या सर्व्हरना पिंग करायचं, आणि गडबड दिसली तर पेजरवर आकडे पाठवायचे. आपल्यातल्या पन्नाशीच्या मंडळींना पेजर आठवत असेल. कमरेला लावायची ती डबी, आणि तिच्यावर उमटणारे नुसते आकडे! गॅलस्टॅड यांच्या प्रोग्राममध्ये लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे तो तपासणी स्वतः करत नव्हता. पेजरला संदेशही स्वतः पाठवत नव्हता. दोन्ही कामं बाहेरच्या तयार प्रोग्रामांकडून करून घेत होता. स्वतः नुसता मुकादम.

१९९८ मध्ये त्यांनी हीच कल्पना लिनक्सवर नव्याने बांधायला घेतली आणि १९९९ मध्ये 'नेटसेंट' या नावाने ती सर्वांसाठी मोफत, मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध केली. फार तर डझनभर लोकांना तिच्यात रस वाटेल, असा त्यांचा अंदाज होता. तो अंदाज साफ चुकला. २००२ मध्ये व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे नाव बदलावं लागलं, आणि नवं नाव आलं 'नॅगिऑस'. या नावाची फोड 'नॅगिऑस संतपदाचा हट्ट धरणार नाही' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची केली जाते. 'सेंट' गेला, त्याची थट्टा मागे राहिली. त्यात पुन्हा ग्रीक भाषेत 'अगिओस' म्हणजे संतच. म्हणजे संत मागच्या दाराने परत आलेच.

या मुकादमाचा कारभार कसा चालायचा, ते आता बघू. आजच्या विषयाचा गाभा तोच आहे. नॅगिऑसच्या मुख्य प्रोग्रामला डिस्क म्हणजे काय, डेटाबेस म्हणजे काय, यातलं काही कळत नाही. कळावं अशी अपेक्षाही नाही. कळतं ते प्लगइनला. प्लगइन हा स्वतंत्र, छोटा प्रोग्राम असतो. तो कुठल्याही भाषेत लिहा. मुख्य प्रोग्राम त्याला हाक मारतो, तो आपलं काम करतो आणि जाताना दोन गोष्टी ठेवतो. एक ओळ मजकूर माणसासाठी, आणि एक आकडा यंत्रासाठी. ० म्हणजे आलबेल. १ म्हणजे इशारा. २ म्हणजे संकट. आणि ३ म्हणजे माहीत नाही. करार एवढाच.

उदाहरण घेऊ. डिस्क तपासणाऱ्या प्लगइनला आपण दोन मर्यादा देतो. रिकामी जागा २० टक्क्यांच्या खाली गेली तर इशारा, १० टक्क्यांच्या खाली गेली तर संकट. नॅगिऑससोबत येणाऱ्या नमुन्यातही हेच आकडे आहेत. आता समजा, आपण मर्यादा लिहितानाच घोळ केला, आकड्याच्या जागी भलतंच काही लिहिलं. प्लगइनने काय उत्तर द्यावं? डिस्क भरली, असं तो म्हणू शकत नाही. भरलेली नाही, असंही म्हणू शकत नाही. तो ३ म्हणतो. प्लगइन लिहिणाऱ्यांसाठी जी नियमावली तयार झाली, तिच्यात हे स्पष्ट सांगितलं आहे. दिलेल्या सूचना चुकीच्या असतील, किंवा प्लगइनला स्वतःलाच काम सुरू करता आलं नाही, तर उत्तर ३. इतकंच काय, प्लगइनला नुसतं 'तुझी माहिती सांग' म्हटलं तरी तो माहिती सांगून वर आकडा ३ च ठेवतो. तपासणी झालीच नाही, मग आलबेल कसं म्हणणार?

पण 'माहीत नाही' कुठे संपतं आणि 'संकट' कुठे सुरू होतं, हे इतकं सोपं नाही. एखादी वेबसाइट ठरलेल्या वेळात उत्तर देत नाही. हे माहीत नाही, की संकट? नियमावली म्हणते, याला सहसा 'माहीत नाही' म्हणू नका. बरोबरच आहे. ज्या माणसाला तिकीट काढायचंय, त्याच्या दृष्टीने गप्प बसलेली वेबसाइट म्हणजे बंद पडलेलीच वेबसाइट. पण आता दुसरी परिस्थिती बघा. दूरच्या सर्व्हरची डिस्क आतून तपासायला तिथे एनआरपीई नावाचा मदतनीस बसवतात. मुख्य प्रोग्राम मदतनिसाला विचारतो, मदतनीस डिस्क बघून सांगतो. मदतनीसच गप्प झाला तर? डिस्कबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नसतं. तरीही या साधनाचं मूळ उत्तर 'संकट' असंच आहे. पुढे त्यात 'यू' नावाचा एक पर्याय आला. तो लावला, तर अशा वेळी २ ऐवजी ३ मिळतो. एका अक्षराचा हा पर्याय. पण रात्री दोन वाजता उठलेल्या माणसाला 'डिस्क भरली' या संदेशाने एका दिशेला पळवायचं, की 'डिस्कची खबर मिळत नाही' असं खरं सांगायचं, हा निर्णय त्या अक्षरात आहे.

आता कॉन्फिगरेशनकडे वळू, म्हणजे हे सगळं जिथे लिहून ठेवतात तिथे. नेटसेंटच्या काळात एक चेक म्हणजे एक लांबलचक ओळ असायची. पिंग, मग अर्धविराम, ०, अर्धविराम, २४×७, अर्धविराम, ३, ५, १ आणि असंच पुढे. कितवा आकडा कशाचा, हे पाठ असावं लागे. त्यातले ३, ५, १ हे तीन आकडे महत्त्वाचे. दर ५ मिनिटांनी तपासा, गडबड दिसली तर दर १ मिनिटाने पुन्हा तपासा, आणि ३ वेळा तेच उत्तर आलं तरच माणसाला उठवा. पहिल्या दोन वेळच्या स्थितीला 'सॉफ्ट' म्हणतात, पक्क्या झालेल्या स्थितीला 'हार्ड'. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. त्या गोष्टीतल्या मुलाला असा नियम लावला असता, तर गाव वैतागलं नसतं.

नॅगिऑसमध्ये ही ओळ मोडून प्रत्येक गोष्टीला नाव मिळालं. एका ओळीत एक नाव आणि त्यापुढे त्याची किंमत. समान गोष्टी एकदाच साच्यात लिहायच्या आणि शंभर सर्व्हरना तो साचा लावायचा. कोणत्या स्थितीत माणसाला कळवायचं, तेही अक्षरांनी सांगायचं. डब्ल्यू म्हणजे इशारा, यू म्हणजे माहीत नाही, सी म्हणजे संकट, आर म्हणजे पूर्ववत झालं. आणि इथेच आपलं चौथं उत्तर पहिल्यांदा हरवतं. 'माहीत नाही'चे संदेश वारंवार यायला लागले की माणूस कंटाळतो. त्यांत लगेच करण्यासारखं काही दिसत नाही. मग कोणीतरी त्या यादीतून 'यू' काढून टाकतो. पडद्यावर नारिंगी चौकट दिसत राहते, पण रात्री पडदा बघायला असतं कोण?

हरवण्याची दुसरी वाट प्लगइन लिहिताना सापडते. घरच्या घरी प्लगइन लिहिणं सोपं आहे, म्हणून सगळेच लिहितात. तपासणीचा प्रोग्राम चालवायचा, त्याने संकट सांगितलं तर ते छापायचं, आणि शेवटी सवयीने 'तपासणी पूर्ण' अशी एक ओळ छापायची. आता युनिक्सची ती रीत आठवा. शेलमध्ये लिहिलेला असा प्रोग्राम वेगळं काही सांगितलं नाही तर शेवटच्या आज्ञेचाच आकडा मागे ठेवतो. शेवटची आज्ञा होती ओळ छापणं, आणि ती तर यशस्वी झाली! आकडा गेला ०. मजकुरात 'संकट' लिहिलंय आणि चौकट हिरवी. मुख्य प्रोग्राम मजकूर वाचत नाही, तो आकडा वाचतो. अशी चौकट वर्षानुवर्षं हिरवी राहू शकते, कारण हिरव्या चौकटीकडे कोणी संशयाने बघत नाही.

तिसरी वाट सगळ्यांत धोक्याची. काही कामं मुख्य प्रोग्राम विचारत नाही, तीच आपणहून येऊन सांगतात. रात्रीचा बॅकअप झाला की तो स्वतः कळवतो. इथे आपण पुन्हा जुन्या शिपायाच्या हाळीपाशी येतो. बॅकअप झाला नाही, आणि कळवायलाही कोणी आलं नाही, तर? नॅगिऑसच्या माहितीपुस्तिकेत यावर एक सुंदर उदाहरण आहे. खबर किती ताजी असली पाहिजे, याची मर्यादा घाला. तिथे दिलेला आकडा आहे ९३,६०० सेकंद, म्हणजे २६ तास. रोज येणारी खबर २६ तासांत आली नाही, तर मुख्य प्रोग्रामने स्वतःहून संकट जाहीर करावं आणि सांगावं, की बॅकअपची खबर आलेली नाही. दोन तास सवलत, त्यापुढे शांततेला आलबेल समजायचं नाही.

हे पुस्तकी वाटत असेल, तर ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट ऐका. गिटलॅब ही प्रोग्रामरांचं काम सांभाळून ठेवणारी कंपनी. रात्री उशिरा, दुसऱ्या एका अडचणीशी झुंजताना, एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची फाइल-जागाच पुसली गेली. थकलेल्या माणसाच्या हातून असं होतं, त्यासाठीच तर बॅकअप असतात. बघायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी! डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं चालत होतं. ते चूक दाखवून बंद पडत होतं. त्या चुकीचे ई-मेल निघतही होते, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून ते पलीकडे नाकारले जात होते. शिपाई हाळी देत नव्हता, आणि ती येत नाही हे कोणाच्या ध्यानात येत नव्हतं. योगायोगाने काही तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. तरी साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला. या कंपनीचं कौतुक एवढ्यासाठी, की तिने सगळा प्रकार जगासमोर मांडला. म्हणून तर आज आपण त्यातून शिकू शकतो.

या सगळ्या काळात नॅगिऑसच्या घरात भांडणंही झाली. २००९ मध्ये काही मंडळी वेगळी झाली आणि त्यांनी 'आयसिंगा' काढलं. झुलू भाषेतला शब्द आहे तो, शोधून बघतो अशा अर्थाचा. २०१४ च्या जानेवारीत प्लगइनच्या प्रकल्पावरून वाद झाला. प्रकल्पाचा वेबपत्ता नॅगिऑस कंपनीच्या ताब्यात होता. तो कंपनीने आपल्या सर्व्हरकडे वळवला, आणि आधीपासून काम करणाऱ्या चमूने 'मॉनिटरिंग प्लगइन्स' या नावाने वेगळी चूल मांडली. पण गंमत बघा, वाटण्या होऊनही करार कोणी मोडला नाही. ०, १, २, ३ सगळीकडे तेच राहिले. एका घरासाठी लिहिलेलं प्लगइन दुसऱ्या घरात जसंच्या तसं चालतं. एवढासा करार, म्हणूनच तो टिकला. भांडायला त्यात काही शिल्लकच नव्हतं.

पुढच्या पिढीने मात्र तो थोडा थोडा बदलला. २०१४ मध्ये आलेल्या 'कॉन्सुल'ने ० ला ठीक म्हटलं, १ ला इशारा म्हटलं, आणि बाकी कुठलाही आकडा म्हणजे बिघाड असं ठरवलं. ३ ला स्वतःची जागा उरली नाही. २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेलं 'प्रोमिथियस' तर वेगळ्याच वाटेने गेलं. तिथे प्लगइन निकाल देत नाही. सर्व्हरकडून नुसती मोजमापं गोळा करायची आणि मर्यादा मध्यभागी बसून लावायच्या. शेकडो सर्व्हर रोज जन्मतात आणि मरतात अशा जगात हे सोयीचं आहे, यात शंका नाही. पण त्यात एक खाच आहे. 'डिस्क ९० टक्क्यांच्या वर गेली तर उठवा' असा नियम लिहिला आणि डिस्कचं मोजमाप येणंच बंद झालं, तर नियमाला तुलना करायला काही मिळत नाही, आणि तो गप्प बसतो. मोजमाप गायब झालं तर सांग, असा दुसरा नियम आपल्याला वेगळा लिहावा लागतो. त्यासाठी तिथे खास सोयही ठेवली आहे. म्हणजे बिग ब्रदरच्या जांभळ्या ठिपक्याचं काम आजही आहे. फक्त तो ठिपका आता आपोआप मिळत नाही, आठवणीने मागावा लागतो.

मित्रहो, आपल्यातले काही जण या क्षेत्रात असतील, काही नसतील. जे आहेत त्यांच्यासाठी या इतिहासातून एक सोपी रीत निघते. नवा चेक लावला की तो हिरवा दिसला म्हणून उठून जाऊ नये. मर्यादा मुद्दाम ओलांडून बघावी, म्हणजे लाल होतो का ते कळेल. मग प्लगइनची परवानगी काढून बघावी, मदतनीस बंद करून बघावा, एक दिवस खबर अडवून बघावी. या तिन्ही वेळा काय रंग येतो आणि कोणाचा फोन वाजतो, ते लिहून ठेवावं. फोन वाजलाच नाही, तर तो चेक अजून लागलेला नाही.

जे या क्षेत्रात नाहीत, त्यांनी निदान एवढं लक्षात ठेवावं, की पडद्यावरचा हिरवा रंग दोन कारणांनी येतो. तपासून ठीक आढळलं म्हणून, किंवा तपासलंच नाही म्हणून. ज्यांनी १९९६ मध्ये जांभळा ठिपका काढला आणि ज्यांनी 'माहीत नाही'साठी ३ हा आकडा राखून ठेवला, त्यांनी ही दोन कारणं वेगळी केली. ती वेगळी ठेवायचं काम मात्र दर वेळी नव्याने करावं लागतं.

आता प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे.